मध जिथे लागतो, तिथेच औषध

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून मध घेतला की चरबी वितळते. मधुमेह असला तरी मध चालतो, कारण तो नैसर्गिक आहे. रोज चमचाभर मध खाणाऱ्याला आजार शिवत नाही. असे निरोप आपल्या फोनवर येतच असतात. मग कुणीतरी ठासून सांगतं की मध म्हणजे नुसती साखर आणि बाकी सगळं थोतांड. दोन्ही ऐकलेला माणूस हातात बरणी धरून विचारात पडतो.

या दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं खरं सापडलं आहे. मध शरीराच्या ज्या भागाला प्रत्यक्ष लागतो, तिथे तो औषधासारखा काम करतो आणि त्याचे चांगले पुरावे आहेत. गिळून पोटात गेला, पचला, की तो जवळजवळ सगळा साखरच होतो. म्हणून घसा आणि जखम या दोन ठिकाणी मधाची कीर्ती टिकून राहिली आणि वजन, मधुमेह, रक्तवाढ वगैरे दावे तपासणीत ढेपाळले. असं का होतं, हे कळायला मध तयार कसा होतो इथपासून सुरुवात करावी लागेल.

मकरंदाचा मध होताना

फुलातला मकरंद म्हणजे गोडसर पाणी. त्यात बऱ्याचदा ६० ते ८० टक्के पाणीच असतं. हा रस तसाच साठवला तर काही दिवसांत आंबून जाईल. कामकरी माशी तो शोषून आपल्या मधपिशवीत भरते. ही पिशवी तिच्या पचनाच्या पोटाहून वेगळी असते, म्हणून मधाला माशीची ओकारी म्हणणं चूक आहे. पोळ्यावर परतली की ती हा रस दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या. या देवघेवीत माश्यांच्या ग्रंथींतली विकरं त्यात मिसळत जातात. विकर म्हणजे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ घडवून आणणारं प्रथिन, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. त्यातलं एक विकर मकरंदातली साखर तोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. दुसऱ्याचं नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. हे नाव लक्षात ठेवा, मधाच्या औषधीपणाचं बरंचसं श्रेय त्याचं आहे.

मग माश्या हा रस पोळ्याच्या घरांत पसरून पंखांनी वारा घालतात. ओलं कापड पंख्याखाली वाळावं तसं त्यातलं पाणी उडत जातं आणि १८ टक्क्यांच्या आसपास आलं की माश्या घरावर मेणाचं झाकण बसवतात. एक माशी आयुष्यभर राबून साधारण चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध तयार करते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून बरणीच्या तळाशी उरलेला मध मला धुऊन टाकवत नाही.

तयार मधाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, ३१ ग्रॅम ग्लुकोज आणि १७ ग्रॅम पाणी असतं. उरलेल्यातही बहुतेक इतर साखराच असतात. शेवटच्या चिमूटभर भागात आम्लं, विकरं, परागकण, खनिजं आणि वनस्पतींतली रंग-गंधाची द्रव्यं येतात. मधाचा रंग, वास, चव हे सगळं त्या चिमटीतलं.

मध नासत का नाही?

फळाच्या फोडींवर मीठ टाकलं की त्यांना पाणी सुटतं. मीठ ते पाणी ओढून घेतं. मधातली दाट साखर जंतूंशी हेच करते. मधात पाणी आहे, पण साखरेच्या रेणूंनी ते इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की जंतूच्या वाट्याला काही उरत नाही. उलट जंतूच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात मध आंबटही असतो. गोडीमुळे तो आंबटपणा जिभेला कळत नाही, एवढंच. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर मध सरासरी ३.९ भरतो, आणि रोग पसरवणाऱ्या बहुतेक जंतूंना इतक्या आंबट जागी वाढता येत नाही.

पण एवढंच कारण असतं तर साखरेचा दाट पाक आणि मध सारखेच ठरले असते. शिवाय मधात पाणी घातलं की त्याची जंतू मारण्याची ताकद कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात पातळ केलेला मधही जंतूंना रोखतो, हे संशोधकांना कोड्यात टाकत होतं. १९३७ मध्ये जर्मनीत डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधातल्या या अनोळखी शक्तीला ‘इनहिबिन’ असं नाव दिलं. ती नेमकी काय आहे हे उलगडायला १९६३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या जोनाथन व्हाइट यांच्या गटाने दाखवून दिलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, म्हणजे जखमा धुण्यासाठी वापरलं जाणारं तेच फेसाळणारं द्रव्य.

ते येतं कुठून? ग्लुकोज ऑक्सिडेजकडून. पक्व, दाट मधात हे विकर जवळजवळ झोपलेलं असतं. मधाला ओल मिळाली की ते जागं होतं आणि ग्लुकोजपासून थोडं थोडं पेरॉक्साइड तयार करू लागतं. जखमेतून स्राव येतोच, म्हणजे ओल आयतीच मिळते. बाटलीतलं पेरॉक्साइड एकदम ओतलं तर जंतूंबरोबर नव्याने भरून येणारी त्वचाही होरपळते. मधातलं पेरॉक्साइड त्याच्या जवळपास हजारपट सौम्य असतं आणि ते सतत पाझरत राहतं. शेताला बादलीने पाणी ओतणं आणि ठिबक लावणं यांत जो फरक, तोच इथे आहे. मधाच्या सगळ्या गोष्टीत मला ही सर्वांत सुंदर वाटते.

सगळे मध एकसारखे नसतात. न्यूझीलंडमधल्या मानुका झुडपाच्या मधात पेरॉक्साइड काढून टाकलं तरी जंतुनाशक गुण उरतो, कारण त्यात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं द्रव्य भरपूर असतं. याचा उलगडा २००८ च्या सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये झाला. मानुका मधाचा गाजावाजा त्यामुळे आहे. मात्र हा गुणही जिथे मध लावाल तिथलाच. चमच्याने खाण्यासाठी तो महागडा मध घेण्याचं कारण मला दिसत नाही.

जखमेवर मध

इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये लिहिलेल्या, आज एडविन स्मिथ पपायरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शल्यचिकित्सेच्या गुंडाळीत जखमांवर चरबी, मध आणि तंतू यांची पट्टी बांधायला सांगितलं आहे. सुश्रुताच्या परंपरेतही व्रणशोधनासाठी, म्हणजे जखम स्वच्छ करण्यासाठी, आणि ती भरून येण्यासाठी मध येतो. एकमेकांपासून दूरच्या लोकांनी एकाच कामासाठी मध निवडला, कारण परिणाम डोळ्यांना दिसत होता.

प्रतिजैविकं आल्यावर ही पट्टी मागे पडली. १९९१ मध्ये भारतीय शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात आला. निम्म्यांना मधाची पट्टी आणि निम्म्यांना तेव्हाचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम दिलं होतं. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. अशा चाचण्यांमुळे मधाकडे पुन्हा लक्ष गेलं. पुढे २०१५ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २६ चाचण्या, ३,०११ रुग्ण एकत्र करून पाहिले. वरवर किंवा मध्यम खोलीपर्यंत भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस आधी भरल्या आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही फायदा झाला. पायाच्या शिरांच्या विकारातून होणाऱ्या जुनाट व्रणांवर मात्र मधाने काही विशेष साधलं नाही. हेही त्याच अहवालात आहे आणि तेही तितकंच सांगायला हवं.

तर मग घरातला मध जखमेवर लावायचा का? नाही. रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. उष्णता दिली तर विकरं मरतात, म्हणून किरणं. आपल्या बरणीतल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेले जंतू. खाताना त्यांची भीती मोठ्यांना नसते, उघड्या जखमेत असते. भाजल्यावर सर्वांत आधी २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली तो भाग धरायचा. मध, टूथपेस्ट, तूप यांतलं काहीही त्याआधी नको.

खोकल्यावर चाटण

आपल्या भाषेने इथे एक नेमका शब्द जपून ठेवला आहे: चाटण. औषध प्यायचं नाही, गिळायचं नाही, चाटायचं. चाटलेला मध घशाच्या आतल्या त्वचेवर पसरतो आणि थोडा वेळ तिथे राहतो. खवखवणाऱ्या, सुजलेल्या जागेवर त्याचा थर बसतो, लाळ सुटते आणि खोकल्याची उबळ शांत होते. एक तर्क असाही आहे की गोड चवीचे आणि खोकल्याचे मज्जातंतू मेंदूच्या जवळजवळच्या भागात पोचतात, त्यामुळे तीव्र गोडी खोकल्याच्या उबळीला आवर घालते.

हे तपासून पाहिलेलं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत १०५ मुलांना झोपण्यापूर्वी मध, खोकल्याचं एक प्रचलित औषध किंवा काहीच नाही, असं देऊन पाहिलं. काही न दिलेल्या मुलांच्या तुलनेत मध घेतलेल्यांचा खोकला कमी झाला आणि झोप बरी लागली. त्या औषधाला मात्र असा फरक दाखवता आला नाही. यावर कुणी म्हणेल, कुठलाही गोड पाक चालला असता. म्हणून २०१२ मधली इस्रायलची चाचणी महत्त्वाची ठरते. तिथे १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांना तीन प्रकारचे मध आणि मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक देऊन तुलना केली. पाकानेही आराम पडला, मधाने अधिक पडला. या दोन्ही चाचण्यांना मध व्यवसायाशी जोडलेल्या संस्थांचा पैसा होता. त्यामुळे मी त्यांच्यावरच विसंबले नसते. पण २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०१८ पासून साध्या खोकल्यासाठी प्रतिजैविकं देण्याआधी मध वापरून पाहण्याचा सल्ला दिला आहे. साधा खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही.

मध खोकल्याचं कारण मारत नाही, त्रास कमी करतो. खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला, कफात रक्त दिसलं, दम लागला किंवा ताप उतरेना, तर चाटणावर थांबायचं नाही.

पोटात गेल्यावर

इथे मधाचं चित्र बदलतं. ग्लुकोज ऑक्सिडेज हे प्रथिन आहे, आणि जठरातलं आम्ल आणि पाचक रस इतर प्रथिनांसारखं त्यालाही मोडून टाकतात. साखर आतड्यातून रक्तात जाते. आत गेलेल्या चमचाभर मधातून शरीरभर जंतुनाशक पसरत नाही.

‘पण मधात खनिजं आणि जीवनसत्त्वं असतात ना?’ असतात, फारच थोडी. १०० ग्रॅम मधात लोह साधारण ०.४ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीला दिवसाला किमान १८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं असं धरलं, तर ते मधातून मिळवायला रोज चार किलोहून जास्त मध खावा लागेल. रक्त वाढवण्यासाठी मध सांगितला जातो तेव्हा हा हिशेब कुणी करत नाही, आणि लोहाच्या कमतरतेवर वेळेत उपचार न झाल्याने बायकांचं जे नुकसान होतं ते बघून मला या सल्ल्याचा राग येतो.

मध वजनाला साखरेपेक्षा कमी उष्मांकाचा असतो. १०० ग्रॅम मधात ३०४ किलोकॅलरी, साखरेत सुमारे ३८७. पण आपण तराजू घेऊन बसत नाही, चमचा घेतो. चहाचा चमचा साखर ४ ग्रॅम भरते आणि मध ७ ग्रॅम, म्हणून चमच्याला चमचा मोजलं तर मधातूनच जास्त उष्मांक येतात. मध साखरेपेक्षा अधिक गोड लागतो. त्यामुळे कमी घालून भागवलं तर मात्र फायदा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात मधातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलं आहे. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली. पाच टक्के म्हणजे प्रौढासाठी साधारण २५ ग्रॅम.

मधुमेह आणि मध

मध रक्तातली साखर वाढवतो. साखरेपेक्षा किंचित हळू वाढवत असेल, तेही मध कोणत्या फुलांचा आहे यावर अवलंबून. कारण फ्रुक्टोज आणि ग्लुकोजचं प्रमाण मधागणिक बदलतं. २०२२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ चाचण्यांचा आढावा घेतला. मध घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं सुधारलेलं दिसलं. बातम्यांचे मथळे तेवढ्यावरच बनले. पण त्या चाचण्यांतल्या लोकांचा एकूण आहार आधीच चांगला होता, त्यात वरची साखर मर्यादेत होती, आणि पुराव्याची खात्री कमी असल्याचं संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं. साखर खाणाऱ्याने त्याऐवजी तेवढाच मध घ्यावा, इथवर तो निष्कर्ष ताणता येईल. साखर सोडलेल्या मधुमेह्याने मध सुरू करावा, असा अर्थ त्यातून निघत नाही. मधुमेह असेल तर मधाचा चमचा साखरेच्याच खात्यात लिहायचा आणि तो डॉक्टरांना सांगायचा.

आयुर्वेद नेमकं काय म्हणतो?

सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार दिले आहेत: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. कोणत्या माशीचा, कसा, याची इतकी बारीक नोंद वाचून त्या निरीक्षणाबद्दल आदर वाटतो. मधाला तिथे ‘योगवाही’ म्हटलं आहे, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्याल त्याचा गुण वाहून नेणारा. म्हणून कडू, तुरट चूर्ण मधात खलून द्यायचं. हा मधाचा अनुपान म्हणून वापर झाला. अनुपान म्हणजे ज्याच्यासोबत औषध घ्यायचं ते. इथे मुख्य औषध दुसरं आहे आणि मध त्याचं वाहन. परंपरेतल्या या वापराचं पुढे ‘मधानेच सगळं बरं होतं’ असं कसं झालं, हे शोधायला फार दूर जावं लागत नाही. जे औषध कडू ते विसरलं गेलं आणि जे गोड ते लक्षात राहिलं.

गंमत अशी की कोमट-गरम पाण्यातून मध घेण्याचा सल्ला आज आयुर्वेदाच्या नावाने दिला जातो, आणि तापवलेला किंवा गरम पदार्थांबरोबर घेतलेला मध टाळा असं चरकसंहिता बजावते. आधुनिक रसायनशास्त्रानुसार मध तापवला की विकरं निकामी होतात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. मध किती तापला किंवा किती जुना झाला याची ती खूण मानतात. आंतरराष्ट्रीय मानकात एका किलोत त्याची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ८०. पण भाजलेल्या कॉफीत हेच द्रव्य कितीतरी जास्त असतं. त्यामुळे कोमट पाण्यात चुकून ढवळलेला मध विष होतो, ही भीती नको. आणि चरबी वितळवण्याची आशाही नको. पाण्यातून घेतलेल्या मधाने वजन उतरलं असं वाटतं तेव्हा बहुधा त्याने सकाळच्या गोड चहाची जागा घेतलेली असते.

एक वर्षाखालच्या बाळाला मध नाही

इथे माझी कळकळीची विनंती आहे. बाळाच्या जिभेला पहिला मध लावण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे आणि त्यामागे मायाच आहे. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. मोकळ्या जमिनीत तण माजावं तसे ते बीजाणू तिथे रुजतात आणि नसांवर परिणाम करणारं विष तयार करतात. हा आजार स्वतंत्रपणे ओळखला गेला तो १९७६ मध्ये.

सुरुवात बद्धकोष्ठापासून होते. मग बाळ नीट ओढून दूध पीत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या मिटू लागतात, मान टाकून देतं. पुढे श्वासावर परिणाम होतो. अशी लक्षणं दिसली की तासभरही थांबू नये.

‘मध उकळून दिला तर?’ उकळत्या पाण्याच्या उष्णतेने हे बीजाणू मरत नाहीत. त्यांना दाबाखाली १२१ अंश लागतात. ‘बोटाच्या टोकाला लागेल एवढाच दिला तर?’ बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, टोकावरही मावतात. औषध उगाळून चाटवायचं असलं तरी त्यात मध नको. बारा महिने पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने मध खाल्ला तर चालतो, हे बीजाणू दुधात उतरत नाहीत.

‘नैसर्गिक’ या शब्दाने मोठ्यांनीही निर्धास्त होऊ नये. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांपासून बनलेल्या मधात ग्रायानोटॉक्सिन हे विष उतरतं. त्याने नाडी मंदावते, रक्तदाब पडतो. इसवी सनपूर्व ४०१ मध्ये ग्रीक सैनिक असा मध खाऊन आडवे झाल्याची नोंद आहे.

शुद्ध मध घरी ओळखता येतो का?

पाण्यात थेंब सोडणं, काडीला लावून पेटवणं, टिपकागदावर ठेवणं, मुंग्या येतात का बघणं. या सगळ्या परीक्षांतून कळतं ते मुख्यतः मध किती दाट आहे एवढंच. दाट पाक त्या सगळ्या पास होतो, आणि पातळसर खरा मध नापास होतो. भेसळ आता फक्त साध्या साखरेच्या पाकाची राहिलेली नाही. मध तपासणाऱ्या चाचण्यांना चकवतील असे तांदूळ वगैरेंपासूनचे पाक मुद्दाम बनवले जातात, आणि ते पकडायला आण्विक चुंबकीय अनुनादासारखी यंत्रं लागतात. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केलेल्या तपासणीत बाहेरून आलेल्या मधाचे ३२० नमुने होते, त्यांतले १४७ संशयास्पद निघाले. मधपाळाची ओळख, फुलांचं आणि हंगामाचं नाव सांगणारा विक्रेता, हा घरच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा चांगला आधार.

आणि मध गोठला, खाली साखरेसारखे कण बसले, तर तो भेसळीचा समजून टाकू नका. ग्लुकोज पाण्यात फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळतं, म्हणून आधी तेच कणांच्या रूपात वेगळं होतं. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो, आणि थंडीत आणखी लवकर. बरणी झाकण लावून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर उभी करा. कण विरघळतात, विकरं शाबूत राहतात.